दोनशे फुलांचं पाकीट

भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत पाऊस ओसरू लागला की रोज सकाळी एक सोहळा होतो. तो बघायचा तर बांधावर उकिडवं बसून डोळे लोंबीला लावावे लागतात. दहा-साडेदहाला ऊन पडलं की भाताचं फूल उघडतं. फूल कसलं, दोन हिरवी टरफलं! ती जराशी फाकतात, सहा पुंकेसर बाहेर लोंबतात आणि तासाभरात टरफलं पुन्हा मिटतात. तोवर बहुतेक फुलांचा पराग त्यांच्या स्वतःच्याच कुक्षीवर पडलेला असतो. एका फुलाचा एक दाणा. मधमाशी लागत नाही, माणूसही लागत नाही.

या खाचरांत कापूस पिकत नाही. पण कापसाच्या फुलाची गोष्ट समजायला भाताचं फूल आधी बघितलेलं बरं.

कापसाचं फूल मोठं, पिवळसर पांढरं, पाच पाकळ्यांचं. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत गुलाबी पडतं, दुसऱ्या दिवशी लालसर होऊन कोमेजतं. त्याचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यावर उडत नाही. मधमाश्या थोडाफार इकडचा तिकडे नेतात, पण एरवी कापूसही भातासारखा आपलं आपण भागवतो.

१९७० साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हे वाण दिलं. व्यापारी लागवडीसाठी आलेला कापसाचा जगातला हा पहिला संकर. दोन वेगळ्या वाणांचं लग्न लावलं की पहिली पिढी आईबापांपेक्षा जोमदार निघते. हा जोम पुढच्या पिढीत विस्कटतो, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवं बियाणं घ्यावं लागतं. आणि ते लग्न प्रत्येक फुलाचं वेगळं लावावं लागतं. हाताने.

ते कसं लावतात हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी थक्क झालो होतो. बीजोत्पादनाच्या प्लॉटात मादी वाणाच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. उद्या उमलणारी मादी झाडावरची कळी आदल्या दुपारी ओळखायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या बुडाशी हलकी चीर द्यायची आणि पाकळ्या पुंकेसरांच्या नळीसकट सोलून काढायच्या. आत उरतो बीजकोश आणि त्याच्यावरची नाजूक कुक्षी. नख खोल गेलं तर बोंड गळतं. एखादा परागकोश चुकून राहिला तर बियाण्यात भेसळ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं ताजं फूल तोडून त्याचा पराग या उघड्या कुक्षीवर चोळायचा. एका नर फुलात चार-पाच कळ्या होतात. दुपार झाली की पुन्हा कळ्या सोलायला सुरुवात. हे ‘क्रॉसिंग’ दोन-अडीच महिने रोज चालतं. सणवाराला कळी थांबत नाही.

आता एक हिशेब करून बघू. दुकानात मिळणाऱ्या बीटी कापसाच्या पाकिटात साधारण ४५० ग्रॅम संकरित बी असतं. १०० बियांचं वजन ९ ग्रॅमच्या आसपास धरलं तर एका पाकिटात झाल्या ५००० बिया. एका बोंडात २५ बिया धरल्या, तर एका पाकिटामागे २०० फुलं. कुणीतरी नखाने सोललेली आणि बोटाने फळवलेली दोनशे फुलं! महाराष्ट्रात कापूस साधारण ४० लाख हेक्टरवर असतो, म्हणजे सुमारे एक कोटी एकर. एकरी एकच पाकीट धरा, तरी एका हंगामासाठी २०० कोटी फुलं होतात. विदर्भ-मराठवाड्यातलं कापसाचं जवळपास प्रत्येक हिरवं रान या स्पर्शांतून उगवलेलं आहे.

ते हात कुणाचे?

डॉ. दावुलुरी वेंकटेश्वरलू यांनी तेव्हाच्या आंध्रातल्या कर्नूल, महबूबनगर भागांतल्या बीजोत्पादनाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसले ते बहुतांशी सात ते चौदा वर्षांच्या मुलींचे हात. गुजरातेत बनासकांठा, साबरकांठ्यातल्या प्लॉटांवर राजस्थानच्या डुंगरपूर, उदयपूरकडची आदिवासी मुलं आणली जात. २०१४-१५ च्या हंगामात देशभरच्या या शेतीत चौदा वर्षांखालची सुमारे २ लाख मुलं होती, असा अंदाज त्यांच्या पुढच्या पाहणीत निघाला. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: मुलांची बोटं बारीक, उंची झाडाएवढी, वाकावं लागत नाही. हे उत्तर मला पटत नाही. मोठ्या बायकाही हे काम सफाईने करतात. खरी गोष्ट पैशाची आहे. कंपनी जमीन विकत घेत नाही. ती शेतकऱ्याशी करार करते आणि बियाण्याचा भाव आधीच ठरवते. शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा खर्च मजुरीचा असतो. भाव वाढत नसेल तर कमी मजुरीत येणारं माणूस शोधलं जातं, आणि सगळ्यात कमी मजुरी लहान मुलीला. आईबापांनी आधीच उचल घेतलेली असली की तिला नाही म्हणायचीही सोय नसते.

शिवाय घड्याळ बघा. पराग चोळायची वेळ सकाळी नऊ ते दुपार. कळ्या सोलायची वेळ दुपारी तीन ते संध्याकाळ. म्हणजे फुलाचा दिवस आणि शाळेचा दिवस तंतोतंत एकच! हंगामही शाळेच्या पहिल्या सत्राचा मोठा भाग गिळून टाकतो. त्यात फवारलेल्या रानात दिवसभर उभं राहायचं.

आता भाताकडे परत या. संकरित भातही आहे. कर्जतच्या संशोधन केंद्राने १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हा संकर दिला. मग भाताच्या फुलाला हात लावणाऱ्या मुली कुठे आहेत? नाहीत, कारण ते शक्यच नव्हतं. एवढंसं फूल, त्यात एकच दाणा. हाताने सोलून पोतंभर बियाणं करायला जन्म पुरला नसता. म्हणून शास्त्रज्ञांना दुसरी वाट शोधावी लागली. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना १९७० साली हैनान बेटावर रानभाताचं एक झाड सापडलं, ज्याचा पराग वांझ होता. अशी मादी असली की सोलायचं कामच उरत नाही. फुलोऱ्याच्या वेळी दोन माणसं शेतावरून दोरी ओढतात, नराच्या लोंब्या हलतात आणि पराग आपोआप उडतो.

कापसात अशी वांझ-पराग झाडं मिळाली नाहीत असं नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने नव्वदच्या दशकात त्यावर आधारलेले संकर दिलेही. त्यांत पराग हातानेच लावावा लागतो, पण कळी सोलण्याचं किचकट अर्धं काम वाचतं. तरीही बाजार नखावरच चालत राहिला. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियात तर बहुतेक कापूस संकरित नसून सरळ वाणांचा आहे. तिथे फूल आपलं आपण फळतं. भाताच्या फुलाने माणसाला अडवलं आणि माणसाने युक्ती काढली. कापसाचं फूल बोटांत मावलं, बोटं स्वस्त मिळाली, आणि युक्ती मागे पडली. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे.

१९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये कडक झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा ठरलं. शाळा सांभाळून घरच्या शेतीत मदत करायची मुभा मात्र राहिली. वेल्ह्यातली पोरगी रविवारी आईबरोबर आवणीला उभी राहते ती या मुभेत बसते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबातली, आईबापांबरोबर बिऱ्हाडासकट निघालेली आणि तिथे विटा उचलणारी पोरगी बसत नाही. दोघींची गावं एकाच डोंगराच्या कुशीत असू शकतात.

आवणी झालेल्या त्याच खाचरात पुढे भात फुलोऱ्यावर येतो. साडेदहा वाजतात, ऊन लोंबीवर येतं, टरफलं फाकतात आणि तासाभरात मिटतात. वरच्या अंगाला शाळेत तेव्हा दुसरा तास चालू असतो.