कंपनीचं गुपित कोणाच्या हातात?

पीथमपूरच्या शेजारी बेटम्यात एका कंपनीचा कारखाना आहे, असं समजा. करारावरून पुरवठादाराशी जुंपली आहे. कंपनीचे संचालक इंदुरात वकिलांसमोर बसून सगळं सांगून टाकतात: माल उशिरा का गेला, कोणती अट पाळली नाही, कोणतं कलम अंगाशी येईल. याबद्दल वकिलांशी झालेला पत्रव्यवहार समोरच्याने कोर्टात मागितला तर? खटला जिंकायला त्याला आणखी काय हवं!

तरी तो त्याला मिळत नाही. खरं काय ते शोधायला बसलेलं कोर्ट खऱ्याच्या एका तुकड्यावर आपण होऊन पाणी सोडतं. विलक्षण नाही हे? माणूस वकिलापाशी मोकळा झाला नाही तर त्याला योग्य सल्ला मिळणार कसा, हा त्यामागचा विचार.

ही तरतूद 1872 च्या पुरावा कायद्यात आली. मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा. तेव्हा टेलिफोनसुद्धा नव्हता, आणि आज ईमेललाही तीच लागू होते! 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 132 ते 134 या कलमांत आहे.

आता खरी कमाल पाहा. हे संरक्षण वकिलाचं नाहीच, अशिलाचं आहे. अशिलाची स्पष्ट संमती नसेल तर वकिलाला तोंड उघडता येत नाही, काम संपल्यावरही नाही. त्याचा कारकून आणि दुभाष्याही याच बंधनात. (सल्ला बेकायदा कामासाठी मागितला असेल, तर मात्र संरक्षण नाही.)

मग ते सुटतं केव्हा? अशील साक्षीला उभा राहिला की? कलम 133 म्हणतं, नाही. तेवढ्यावरून वकिलाला बोलायची संमती मिळाली असं धरायचं नाही. बरं, अशिलाने आपल्याच वकिलाला साक्षीदार म्हणून बोलावलं तर? तरीही नाही! त्या गुप्त बोलण्याबद्दलच प्रश्न विचारला, तरच संमती झाली. कलम 134 अशिलाकडे वळतं: तुम्ही स्वतःहून साक्ष दिलीत, तर तिचा उलगडा व्हायला लागेल तेवढंच कोर्ट तुमच्याकडून वदवून घेऊ शकतं, त्यापलीकडे अक्षरही नाही. संभाषण एकच, पण वकिलाच्या तोंडाला एक नियम आणि अशिलाच्या तोंडाला दुसरा. किती बारीक वीण आहे ही!

आणि वकील कंपनीच्याच पगारावर असेल तर? लार्सन अँड टुब्रो विरुद्ध प्राइम डिस्प्लेज या खटल्यात मुंबई हायकोर्टाने अशा सल्ल्यालाही संरक्षण दिलं होतं. 31 ऑक्टोबर 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने, अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, वेगळी रेघ ओढली. नोकरीतला वकील कोर्टात वकिली करत नाही, म्हणून कलम 132 त्याच्यासाठी नाही. मालकाशी झालेल्या त्याच्या बोलण्याला 134 चाही आधार नाही. तो बाहेरच्या वकिलांशी कंपनीच्या वतीने बोलतो, तेवढं सुरक्षित. म्हणजे शेजारच्या केबिनमध्ये विचारलेला प्रश्न उघडा, आणि बाहेरच्या वकिलाच्या ऑफिसात विचारलेला तोच प्रश्न झाकलेला! सवयीने धाडलेल्या कितीतरी मेलांचं भवितव्य या निकालाने पालटलं, असं मला वाटतं.

पण सगळ्यांत अजब कोडं पुढेच आहे. कंपनीला ना तोंड, ना मन. अशील कंपनीच असेल, तर संमती द्यायची कोणी? 1985 मध्ये वाइनट्रॉब खटल्यात हेच कोडं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे आलं. शिकागोची एक दलाली कंपनी दिवाळखोरीत गेली होती. तिचे जुने वकील चौकशीत सुमारे 23 प्रश्नांची उत्तरं देईनात. दिवाळखोरीत नेमलेल्या विश्वस्ताने संरक्षण सोडून दिलं. जुन्या संचालकाने हरकत घेतली, ती टिकली नाही. घर विकलं की भिंतीतल्या तिजोरीची किल्लीही नव्या मालकाकडे जाते, तसंच हे: कारभार ज्याच्या हाती, संमतीही त्याचीच.

आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनल नेमला गेला, की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार त्याच्याकडे जातो. विचार करा, आज संचालकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उद्या झाकायची की उघडायची, हे कदाचित दुसराच कोणी ठरवेल!

आणि भागधारक? 1888 च्या एका इंग्रजी खटल्यापासून मानलं जायचं, की कंपनीने घेतलेला सल्ला साधारणपणे भागधारकापासून लपवता येत नाही. जुलै 2025 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने बर्म्युडातल्या जार्डिन स्ट्रॅटेजिक कंपनीच्या खटल्यात तो नियमच मोडीत काढला. कंपनी ही वेगळी व्यक्ती, सल्ला तिचा. भागधारकाने कितीही पैसा ओतलेला असो, तिच्या वकिलाची फाइल उघडायला तिथे आता त्यालाही तिचीच परवानगी लागते.