रानमध गाळताना आणि बाटलीत भरताना

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांनी आणलेला मध आपल्या मंडळीतली पुष्कळ घरे आवडीने घेतात. घेतल्यावर दोन तक्रारी हमखास कानावर येतात. "पावसाळ्यात बाटलीत फेस आला, झाकण उघडताच फस्स झाले," ही पहिली. "तळाशी साखर बसली, म्हणजे भेसळ असणार," ही दुसरी. पहिली खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. दुसरी बहुतेक वेळा गैरसमजातून येते. पण दोन्हींचा परिणाम एकच: ते घर पुढच्या वर्षी बाटली घेत नाही, आणि पाड्यावरच्या बाईला तोच मध रस्त्यावरच्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने द्यावा लागतो. म्हणून मध गाळायचा आणि भरायचा कसा, हे गटातल्या भगिनींइतकेच घेणाऱ्यांनीही समजून घ्यावे.

फेस येण्याचे मूळ पाण्यात आहे. माश्या फुलांतला पातळ रस आणतात, पंखांनी वारा घालून तो आटवतात आणि पुरेसा दाट झाला की कप्प्यावर मेणाचे झाकण लावतात. झाकण लागलेला मध पिकलेला. उघड्या कप्प्यातला कच्चा. मधात पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या वर गेला की त्यातले यीस्ट जागे होते आणि मध आंबू लागतो. एफएसएसएआयच्या नियमांतही पाण्याची मर्यादा २० टक्केच आहे. आपल्याकडच्या दमट हवेतला रानमध मुळातच पातळ असतो, म्हणून इथे जपावे लागते.

त्यातही आपल्या भागातला बराचसा मध आग्या माशीचा. उंच झाडाला किंवा कड्याला तिचे एकच मोठे पोळे लटकते. मधाचा भाग फांदीला लागून वरच्या बाजूला, फुगीर दिसतो; खाली अंडी-अळ्या असतात. जुनी पद्धत म्हणजे अख्खे पोळे तोडायचे आणि मुठीत धरून पिळायचे. अशा पिळण्यात अळ्यांचा रस, परागकण, मेण सगळे मधात उतरते. मध गढूळ होतो, लवकर आंबतो, आणि माश्यांची पुढची पिढीही जाते. फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग झाडावर ठेवला, तर वसाहत वाचते. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या कामात आहे. मध काढण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण तिथे मिळते.

आता गाळणे. मधाचा तुकडा सुरीने आडवा-उभा चिरून स्टीलच्या चाळणीत ठेवायचा आणि आपोआप ठिबकू द्यायचा. पिळायचा नाही. घाई असणाऱ्याला हे जड जाते, पण सगळा फरक इथेच पडतो. मोठा कचरा चाळणीवर राहिला की तो मध नायलॉनच्या जाळीतून किंवा स्वच्छ मलमलीतून पुन्हा गाळायचा. फडके कोरडे ठणठणीत हवे. धुऊन नुसते पिळलेले फडके वापरले, तर जे पाणी टाळायचे तेच आपण आपल्या हाताने घातले! मध फडक्यातून उतरत नसेल तर त्याचे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. पाणी ४० ते ४५ अंश, म्हणजे हाताला सोसेल इतपत. थेट चुलीवर कधीच नको. मोठ्या कारखान्यांत यीस्ट मारण्यासाठी मध ६० अंशांच्या पुढे तापवून लगेच थंड करतात. थर्मामीटरशिवाय घरी ते जमत नाही. जास्त तापलेला मध काळवंडतो, वास जातो, आणि एचएमएफ नावाचा घटक वाढतो. त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे.

गाळलेला मध उंच, अरुंद स्टीलच्या डब्यात दोन-तीन दिवस झाकून ठेवावा. मेणाचे कण आणि हवेचे बुडबुडे वर येतात, ती साय चमच्याने काढावी. लोखंड, तांबे, जस्ताचा मुलामा हे सगळे वर्ज्य, कारण मध आंबटसर असतो आणि धातूला धरतो.

पाणी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो आणि गटाने मिळून एक घेतला तर परवडतो. तोवर तराजूही उपयोगी पडतो. पाण्याच्या एक लिटर मापात चांगला मध सुमारे १४०० ग्रॅम भरतो. वजन त्याहून बरेच कमी आले, तर तो मध वेगळा ठेवून आधी विकावा किंवा फ्रिजमध्ये ठेवावा. दाट मधात मिसळू नये.

भरायच्या बाटल्या काचेच्या, धुऊन उन्हात पूर्ण वाळवलेल्या. मध हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून भरण्याचे काम मे महिन्यातच, पहिल्या पावसाच्या आत उरकावे. बाटली गळ्यापर्यंत भरावी, झाकण घट्ट लावावे. लेबलावर निव्वळ वजन, बॅच क्रमांक, भरल्याची तारीख आणि एफएसएसएआय नोंदणी क्रमांक हवा.

किमतीबद्दल घासाघीस करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण ही गौण वनउपज आहेत आणि त्यांवर आदिवासींचा हक्क मान्य आहे. २०२० साली केंद्राने रानमधाची किमान आधारभूत किंमत किलोला २२५ रुपये ठरवली होती. गाळणे, निथळवणे, बाटली, लेबल ही मेहनत त्यावर. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याला रानमध फुकट मिळाला असेल. आपल्याला मिळू नये.

साखरेसारखे दाणे बसणे म्हणजे मधातले ग्लुकोज गोठणे. फुलोऱ्याप्रमाणे एक मध लवकर गोठतो, दुसरा महिनोन्महिने पातळ राहतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की विरघळतो. पाण्यात थेंब टाकणे, काडी पेटवून पाहणे या घरगुती परीक्षांनी शुद्धता सिद्ध होत नाही.

आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कितीही शुद्ध असो. त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. घरच्या तापवण्याने ते मरत नाहीत आणि तान्ह्याच्या आतड्यात वाढून जिवावर बेतू शकते. आजीबाईंचा आग्रह असला तरी नको. हे वाक्य लेबलावरही छापावे.

गाळून उरलेले मेण गरम पाण्यात वितळवून गाळले की वर वडी जमते. तिच्या मेणबत्त्या होतात.

घरी मधाच्या रिकाम्या बाटल्या असतील तर झाकणासकट मंडळीत आणून द्या. लोणच्याच्या नकोत, कितीही धुतल्या तरी वास जात नाही.