सहारहून दादरपर्यंत

नाताळचा सण जवळ येऊ लागला की आमच्या कॅम्पातील व भोवतालच्या खेड्यांतील कित्येक घरी एकच विषय निघतो. कुवेतहून थोरला कधी येणार, दुबईहून मुलगी कोणत्या विमानाने निघणार? तिकिटाची चौकशी दोन-दोन महिने आधी सुरू होते. कोणते विमान पाचशे रुपयांनी स्वस्त पडते, कोणते किती किलो सामान नेऊ देते, याचा काटेकोर हिशेब मांडला जातो. परंतु मुंबईस विमान उतरल्यावर सहारहून दादर गाठावयाचे ते कशाने, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाही. अंतर ते किती! रस्त्याने फार तर पंधरा किलोमीटर. तथापि रात्री अडीच वाजता, दोरीने आवळलेल्या दोन जड बॅगा ढकलीत एकटीच बाहेर पडणाऱ्या बाईस तेवढे अंतर उभ्या अरबी समुद्राहून लांब वाटते. मग जो प्रथम तिच्या ट्रॉलीस हात घालतो, त्याच्याच गाडीत ती बसते, आणि तो मागेल ते भाडे देते. दोन वर्षांच्या कष्टाच्या पैशाला पहिली गळती लागते ती येथे.

मुंबईच कशास, असे कोणी विचारील. आपल्या सांब्र्याच्या विमानतळावर परदेशातून विमान उतरत नाही. गोवा जवळ आहे हे खरे. तेथे दाभोळीच्या जोडीला ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथूनही विमाने सुटू लागली. दोन्ही ठिकाणांहून पणजीकडे येण्यास कदंब महामंडळाच्या बसगाड्या आहेत, व पुढे चोर्ला घाटाने बेळगाव काही तासांवर आहे. ज्यांस सोयीचे विमान व परवडणारे तिकीट मिळेल त्यांनी खुशाल गोव्यास उतरावे. मात्र दोन विमानतळांपैकी आपले विमान कोणत्या ठिकाणी येते हे तिकिटावर वाचून मगच कोणी घ्यावयास निघावे. एक उत्तरेच्या टोकास, तर दुसरे वास्कोजवळ. असे असूनही आमच्याकडील पुष्कळ मंडळी मुंबईमार्गेच येतात, म्हणून येथे मुंबईचाच विचार करू.

ज्या भूमीवर हे विमान टेकते ती आपणा ख्रिस्ती जनांस परकी नाही. सहार, मरोळ, चकाला, कोळेकल्याण ही मूळची ईस्ट इंडियन कॅथलिकांची गावे. त्यांची बोली मराठीच. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वेळी या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. जवळच सीप्झच्या आवारात १५७९ साली जेज्वितांनी उभारलेल्या संत योहान बाप्तिस्ताच्या चर्चचे अवशेष आजही आहेत. सांताक्रूझ हे नाव तर पवित्र क्रुसावरूनच पडलेले. भातशेतीच्या व वाड्यांच्या या मुलखात आता धावपट्ट्या आहेत.

या दोन नावांचा व्यवहारातही उपयोग आहे. जुन्या लोकांच्या तोंडी 'सांताक्रूझ विमानतळ' व 'सहार विमानतळ' अशी दोन नावे असतात. वस्तुतः विमानतळ एकच, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. परंतु त्याची टर्मिनले दोन. परदेशाहून येणारा उतारू २०१४ साली खुल्या झालेल्या सहारच्या टर्मिनल २ मधून बाहेर पडतो. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूस असून दोहोंमध्ये रस्त्याने काही किलोमीटरांचे अंतर आहे. घ्यावयास येणारा मामा एकीकडे आणि भाचा दुसरीकडे, असे घडते ते यामुळेच.

आता वाहनांकडे वळू. वाहन निवडताना कोणते स्वस्त, हा प्रश्न पहिला नव्हे, असे आमचे मत आहे. पुढची गाडी कोठून व केव्हा सुटते, आपण किती वाजता उतरतो, आणि सामान किती, या तिन्ही गोष्टी ठाऊक असल्या तर वाहन जवळजवळ आपोआप ठरते. बेळगावकडे जाणाऱ्या शरावती, चालुक्य यांसारख्या गाड्या दादरहून रात्री निघतात. निपाणीस रेल्वे नाही. तिकडील मंडळींस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूर गाठून पुढे चाळीसेक किलोमीटर बसने जाता येते, किंवा पुणे-कोल्हापूर महामार्गाने येणारी खासगी बस धरता येते. त्या बसगाड्या संध्याकाळी निघतात व शीव, वाशी अशा नाक्यांवर थांबतात. म्हणजे निपाणीचा उतारू व कॅम्पाचा उतारू एकाच विमानाने आले, तरी त्यांनी एकाच वाहनात बसावे असे नाही.

दिवसा उतरणाऱ्यासाठी आता भुयारी मेट्रोसारखे उत्तम साधन नाही. मेट्रो ३ या मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. टर्मिनल २ चे तिला स्वतंत्र स्थानक आहे. सबंध मार्ग सुमारे साडेतेहतीस किलोमीटरांचा, स्थानके सत्तावीस, आणि पूर्ण मार्ग खुला झाला त्या वेळी सर्वांत जास्त भाडे ७० रुपये. वर रस्त्यावर वाहनांची कितीही कोंडी असो, खाली गाडी आपल्या वेळेने जाते. शिवाजी महाराज टर्मिनसलाही ती थेट पोहोचते, म्हणून कोल्हापूरच्या गाडीस ती विशेष सोयीची. दादरच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेस, तर आपल्या गाड्या सुटतात मध्य रेल्वेच्या बाजूने. तेव्हा सामान उचलून पूल ओलांडावा लागतो. एक बॅग असलेल्या तरुणास याचे काहीच वाटणार नाही; गुडघेदुखीच्या मावशींनी दोन बॅगा घेऊन या वाटेस जाऊ नये. शिवाय मेट्रो रात्री झोपते, आणि आखातातील बरीच विमाने उतरतात ती नेमकी त्याच वेळी!

रिक्षाचा मोह अनेकांस होतो, कारण ती आपल्या परिचयाची. अंधेरी, कुर्ला, वांद्रे येथे नातलगांकडे जावयाचे असेल तर ती जरूर घ्यावी. परंतु मुंबईत रिक्षाला माहीम व शीव यांच्यापुढे दक्षिणेस जाण्यास मनाई आहे. 'दादरला सोडतो' असे म्हणणारा रिक्षावाला अर्ध्या वाटेत उतरवील हे पक्के समजावे. लोकलविषयी एवढेच, की सकाळच्या गर्दीत बॅगांसह अंधेरीस लोकलमध्ये चढण्याचे धाडस नवख्याने करू नये.

रात्री उरते ती टॅक्सी. फोनवरून गाडी बोलाविणे सोपे झाले आहे, पण आखातातील सिमकार्ड मुंबईत चालेलच असे नाही, हे तरुण मंडळी विसरतात. ज्यास फोनची खात्री नाही, वाचता फारसे येत नाही, किंवा जी बाई एकटी आहे, तिने प्रीपेड टॅक्सीची खिडकी गाठावी. ठिकाण सांगावे, पैसे भरावे, पावती घ्यावी, आणि पोहोचल्याशिवाय पावती चालकाच्या हाती देऊ नये. मीटरपेक्षा पैसे काहीसे अधिक पडतात, तरी अपरात्री घासाघीस टळते हे थोडे नव्हे. विमानतळाच्या इमारतीतून एकदा बाहेर पडले की तिकिटाशिवाय पुन्हा आत येता येत नाही. म्हणून पैसे बदलणे, घरी फोन करणे, टॅक्सीची चौकशी ही कामे आतच उरकावीत.

भाड्याचा अंदाजही मनाशी असावा. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरास ३१ रुपये, म्हणजे किलोमीटरास साधारण पावणेएकवीस रुपये होतात. पंधरा किलोमीटर धरले तरी तीनशेदहाच्या आसपास. मध्यरात्री बारा ते पहाटे पाचपर्यंत सव्वापट, म्हणजे तीनशे नव्वदच्या घरात. सामानाचे थोडे निराळे. याच्या तिप्पट-चौपट मागणारा लुबाडतो आहे हे उघड आहे. उलट, रात्रीचे सव्वापट भाडे मागणाऱ्या चालकाशी आपली माणसे हुज्जत घालतात, तेही आम्हांस पटत नाही. तो मनुष्य एका उतारूसाठी रांगेत तासन्‌तास बसून असतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुराच्या न्याय्य मोबदल्याचा जो आग्रह धरला, तो कुवेतच्या मालकाने आपल्या मुलीपुरता पाळावा आणि आपण मुंबईच्या चालकापुरता विसरावा, असे कसे चालेल?

राहता राहिला मधला दिवस. पहाटे उतरायचे आणि रात्री गाडी धरायची, तर दिवसभर सामानाचे काय करावे? मुंबईत कोणी आप्त असल्यास प्रश्नच नाही. नसल्यास शिवाजी महाराज टर्मिनससारख्या मोठ्या स्थानकावर पुढच्या गाडीचे तिकीट दाखवून सामानघरात बॅगा ठेवता येतात. तेथे मात्र कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि नुसती दोरी त्यांस चालत नाही. तेव्हा पुढच्या वेळी फोनवर चॉकलेटे व अत्तराच्या बाटल्या आणण्याविषयी सांगताना, दोन्ही बॅगांना लहानशी कुलपे लावून निघ, एवढेही मुलीस सांगून ठेवावे.