ब्लॉगचा धनी कोण?

मित्रहो, व्याख्यान संपलं की चार-दोन मंडळी आमच्याजवळ थांबतात. पूर्वी मोक्षाबद्दल विचारायची, आता विचारतात, ‘सर, ब्लॉग सुरू केला तर महिन्याला किती सुटतात?’ हसू नका, प्रश्न रास्त आहे. तरुणाला नोकरी मिळत नाही, निवृत्ताला पेन्शन पुरत नाही, आणि लिहिता तर दोघांनाही येतं. फक्त ‘किती मिळतात’ याच्या आधी ‘कोण देतो’ हे आपण पाहू. कारण पैसे देणारा हळूहळू धनी होतो, आणि लिहिणाऱ्याला ते बरेचदा उशिरा कळतं.

‘ब्लॉग’ हा ‘वेब’ आणि ‘लॉग’ यांचा जोडशब्द. लॉग म्हणजे जहाजावरची नोंदवही. 1997 च्या सुमारास ‘वेबलॉग’ शब्द आला, दोन वर्षांत त्याचं ‘ब्लॉग’ झालं. 1999 मध्ये ब्लॉगर आणि 2003 मध्ये वर्डप्रेस ही साधनं आली. त्याच 2003 साली गूगलने ॲडसेन्स सुरू केलं, म्हणजे कोणाच्याही पानावर जाहिरात लावून त्यातला वाटा देण्याची सोय. लिहिणं आणि कमावणं एकाच खिडकीत आलं ते तेव्हापासून.

पण एकट्याने लिहायचं, स्वतःच छापवून घ्यायचं आणि वाचकांपर्यंत पोचवायचं, हे आपल्याकडे नवीन नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली. मासिक म्हणायचं, पण लेखक जवळजवळ एकच! असे 84 अंक निघाले. त्यातली पहिली काही वर्षं शास्त्रीबुवा सरकारी शाळेत शिक्षक होते. 1879 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि पुढचे अंक नोकरीबाहेर राहून लिहिले. चूल कशावर पेटते आणि लेखणी कोणासाठी चालते, हा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता. आपल्याला तो कसा सुटेल?

आता ब्लॉगवर पैसे येण्याच्या मुख्य वाटा तीन. प्रत्येक वाटेवर धनी वेगळा.

पहिली वाट जाहिरातीची. इथे पैसे जाहिरातदार देतो. गूगलच्या सांगण्याप्रमाणे त्याने मोजलेल्या 100 रुपयांतले साधारण 68 पान चालवणाऱ्याकडे येतात, आणि खात्यात 100 डॉलर साठल्याशिवाय रक्कम हाती पडत नाही. आपण एक हिशेब करू. समजा, पान हजार वेळा उघडलं की 50 रुपये मिळतात. हा आकडा केवळ उदाहरणाचा, बरं का. खरा दर विषय, भाषा आणि वाचकाचा देश यांप्रमाणे बदलतो. तर महिन्याला 10,000 रुपये हवे असतील तर पान 2,00,000 वेळा उघडलं गेलं पाहिजे. तुम्ही शांतपणे कोकणातल्या भातशेतीवर लिहिलंत, तर इतके लोक येतील का? नाही आले की हात आपोआप मथळ्याकडे जातो. ‘हे वाचून धक्का बसेल’ असं आपण लिहू लागतो. कोणी जबरदस्ती केलेली नसते, आकड्याने केलेली असते. या व्यवहारात माल कोणता? लेख नव्हे, वाचकाचं लक्ष. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्येच दाखवलं होतं की माहिती मुबलक झाली की टंचाई अवधानाची होते. टंचाईच्या वस्तूला भाव येतो, आणि तो भाव आपण वाचकाच्या वतीने परस्पर वसूल करतो.

दुसरी वाट कमिशनची. तुम्ही एखाद्या पुस्तकाची किंवा मिक्सरची शिफारस करता, दुवा देता, वाचकाने त्यावरून खरेदी केली की विक्रेता तुम्हाला टक्का देतो. ॲमेझॉनने ही योजना 1996 पासून चालवली आहे. यात गैर काहीच नाही, वाण्याकडेही आपण ओळखीने जातोच. पण मिक्सर वाईट निघाला तर तसं लिहाल का? लिहिलंत तर टक्का बुडतो. म्हणून दुव्याशेजारीच ‘यातून आम्हाला कमिशन मिळतं’ असं स्पष्ट लिहावं. हा नुसता सभ्यपणा नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरी वाट वाचकाची. वर्गणी, ई-पुस्तक, शिकवणी किंवा स्वखुशीची देणगी. पूर्वी वीस रुपये पाठवायचे तर मनीऑर्डरचा खटाटोप करावा लागे. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि लहान रक्कमही सहज पोचू लागली. इथे दोन लाख वाचक लागत नाहीत. दरमहा 50 रुपये देणारे 200 वाचक मिळाले तरी तेच 10,000 होतात. अर्थात, दोनशे माणसांनी खिशात हात घालावा असं लिहिणं अवघड आहे, आणि वाचकही धनी झाला की लाड मागतो. पण निदान जो वाचतो तोच देतो.

ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’मध्ये वहाणेचं उदाहरण देतो. वहाणेचे उपयोग दोन, पायात घालणं आणि बदल्यात काही मिळवणं. वहाण ज्यासाठी घडली तो उपयोग पहिला. लेखाचंही तसंच. विकणं पाप नाही. पण फक्त विकण्यासाठी शिवलेली वहाण चावते, आणि ती चावते वाचकाच्या पायाला.

मग करायचं काय? जो विषय तुम्ही हाताने केलाय, तोच निवडा: बागकाम, हिशेब, शिकवणं, काहीही. स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घ्या, म्हणजे फुकटची जागा बंद झाली तरी वाचक चुकणार नाही. प्रत्येक लेखाची प्रत स्वतःजवळ ठेवा. आधी तीसेक लेख मिळकतीचा विचार न करता लिहा; तेवढ्यात आपला विषय आणि आपला वाचक दोन्ही कळतात. मग वाचकाची वाट आधी, कमिशन जपून, जाहिरात शेवटी. मिळालेलं उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवा. आणि घर चालवणारं दुसरं साधन लगेच सोडू नका. पोटाची घाई नसलेला माणूसच ‘हा मिक्सर घेऊ नका’ असं लिहू शकतो.

‘महिन्याला लाख कमवा’ असा वर्ग कोणी विकायला आला, तर त्यालाही आजचाच प्रश्न विचारा. बाबा, तुझे पैसे ब्लॉगमधून येतात की आमच्या फीमधून?

इथे आम्ही थांबतो. आता तुम्ही विचारा.