आधी रक्ततपासणी, मग पोळी बंद

मूल वाढत नाही, पोट फुगलेलं असतं, हिमोग्लोबिन औषध देऊनही चढत नाही. अशा वेळी आपल्याकडचे उपाय ठरलेले असतात. आधी जंतांचं औषध, मग लोहाचं सिरप, मग टॉनिक आणि त्यानंतर दुसरं टॉनिक. अलीकडे या रांगेत एक नवा सल्ला घुसला आहे : ‘महिनाभर गहू बंद करून बघा.’ सल्ला देणारे कधी शेजारी असतात, कधी मोबाइलवरचा व्हिडिओ. मुलाला सिलिॲक आजाराची शंका असेल, तर निदानाचा इतका घोटाळा करणारा दुसरा सल्ला नाही. गहू बंद झाला की तपासणीत दिसणाऱ्या खुणा पुसट होत जातात आणि आजार आहे की नाही हे सांगणंच अवघड होऊन बसतं.

आजार नेमका कसला?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काही जणांच्या शरीरात हे प्रथिन गेलं की रोगप्रतिकारशक्ती बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. या अस्तरावर अन्न शोषून घेणारे बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. ते झिजून सपाट होतात आणि मूल पोटभर जेवूनही अंगी लागत नाही. ही गव्हाची ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत पुरळ, उलटी, धाप असा त्रास खाल्ल्यावर लगेच होतो, सिलिॲकमध्ये नुकसान महिनोन्‌महिने चालतं. वय वाढल्यावर हा आजार आपोआप जात नाही. म्हणजे एकदा शिक्का बसला की तो जन्मभराचा, आणि म्हणूनच तो पुराव्यानिशी बसायला हवा.

आयांच्या मनात एक टोचणी असते : वरचं अन्न लवकर सुरू केलं, गव्हाची पेज दिली, म्हणून असं झालं का? नाही. पहिल्या वर्षात चौथ्या महिन्यानंतर ग्लूटेन केव्हा सुरू केलं यावर आजार होणं-न होणं अवलंबून नसतं, असं युरोपात झालेल्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे.

शंका कधी घ्यायची?

पुस्तकातलं चित्र सगळ्यांना माहीत असतं : दीड-दोन वर्षांचं मूल, सततचे जुलाब, पोटाचा नगारा, हातापायाच्या काड्या, स्वभाव कमालीचा किरकिरा. अशी मुलं आजही येतात. पण बरीच मुलं या चित्रात बसत नाहीत. कुणाला जुलाबांऐवजी जुनाट बद्धकोष्ठता असते. कुणाच्या तोंडात वारंवार फोड येतात, कुणाच्या कायमच्या दातांवरचं आवरण खडबडीत, डागाळलेलं असतं. वयात येणं लांबतं.

मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या खुणा दोन. पहिली, तोंडाने नीट लोह देऊनही न हटणारा रक्तक्षय. दुसरी, उंची खुंटणं. ‘आमच्या घरात सगळेच बुटके’ म्हणून दुसरी खूण वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहते. खरं तर लसीकरणाच्या कार्डावर उंची-वजनाचा आलेख असतो. तो भरला, तर मूल स्वतःची रेषा सोडून खाली कधीपासून घसरलं ते कागदावर दिसतं. तो भरला जात नाही, हे आपलं दुखणं.

काही मुलांची तपासणी तक्रार नसली तरी करावी लागते. टाइप 1 मधुमेह, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार, डाउन सिंड्रोम किंवा टर्नर सिंड्रोम असलेली मुलं, आणि सिलिॲक असलेल्यांची सख्खी भावंडं व मुलं या गटात येतात.

‘हा तर उत्तरेकडचा आजार’

असं डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतं, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. भारतातल्या 23 हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तात सिलिॲकची प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळलं. या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात, साधारण तिघांपैकी एकात होती. मोठा फरक ताटात होता. उत्तरेत गहू दिवसाला सरासरी साडेचारशे ग्रॅमच्या घरात, दक्षिणेत अवघा 25 ग्रॅम.

महाराष्ट्राचं ताट या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ते सरकतं आहे गव्हाकडे. भाकरीच्या जागी पोळी आली, डब्यात मॅगी नि पाव आला, चहाबरोबर बिस्किट तर तान्ह्याच्याही हातात असतं. तेव्हा ‘आपल्याकडे नसतो’ म्हणून तपासणी टाळण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी : रक्त

सुरुवात एका रक्तनमुन्यातून करायच्या दोन चाचण्यांनी होते : टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए. टीटीजी हे आपल्याच शरीरातलं एक विकर. त्यावर उठलेली प्रतिपिंडं पहिली चाचणी मोजते. 1997 मध्ये जर्मन संशोधकांनी हे लक्ष्य ओळखलं आणि निदानाची वाटच बदलली.

दुसरी चाचणी पैसे वाचवायला हमखास गाळली जाते, आणि तिथेच फसगत होते. काही मुलांच्या शरीरात आयजीए जातीची प्रतिपिंडं मुळातच तयार होत नाहीत, आणि सिलिॲकच्या मुलांत असं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. अशा मुलाचा टीटीजी-आयजीए ‘निगेटिव्ह’ येणारच. म्हणून एकूण आयजीए वयाच्या मानाने कमी असेल, तर आयजीजी जातीची चाचणी करून घ्यावी लागते.

जुनी ग्लायाडिन प्रतिपिंडांची चाचणी आता वापरत नाहीत. केसांचा नमुना पाठवून किंवा ‘शंभर पदार्थांची फूड सेन्सिटिव्हिटी’ अशा पॅकेजमधून सिलिॲकचं निदान होत नाही. ते पैसे सरळ वाया जातात.

अहवाल हातात आल्यावर

इथे जरा थांबून कागद नीट वाचावा. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, त्याच्या शेजारी छापलेली त्या लॅबची मर्यादा पाहायची. समजा एका अहवालात टीटीजी 240 आणि मर्यादा 20 आहे, म्हणजे मूल्य बारापट. दुसऱ्यात टीटीजी 38 आणि मर्यादा 4 आहे. आकडा लहान दिसतो, पण तोही साडेनऊपट आहे. दोन वेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून ‘वाढलं, कमी झालं’ म्हणता येत नाही, कारण किट वेगळं, मोजमाप वेगळं.

ही पट का महत्त्वाची? युरोपीय बालपोटविकार संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टीटीजी-आयजीए मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्यांदा स्वतंत्रपणे घेतलेल्या रक्तात ईएमए ही चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर आई-वडिलांशी बोलून बायोप्सीशिवाय निदान करता येतं. दुसरा नमुना कशासाठी, तर नावांची अदलाबदल किंवा लॅबची चूक जन्मभराचं पथ्य लादू नये म्हणून. दहापटीच्या आत असेल, तर बायोप्सी.

भारतात अनेक तज्ज्ञ अजून बायोप्सीचाच आग्रह धरतात. त्याला हट्ट म्हणता येणार नाही. आपल्याकडे किटचा दर्जा सारखा नाही. ईएमएच्या चाचणीत सूक्ष्मदर्शकाखाली चमक ओळखायची असते, तिथे तंत्रज्ञाची नजर कसलेली लागते, आणि ही सोय सगळीकडे नाही. टीटीजी किंचित वाढलं तर तो आजारच असतो असंही नाही. टाइप 1 मधुमेहाच्या मुलांत तर किंचित वाढलेलं टीटीजी नेहमीचं जेवण चालू असतानाच पुन्हा खाली आल्याचं दिसतं. तिथे घाई न करता पुन्हा तपासायचं.

बायोप्सी : भीती जास्त, त्रास कमी

पूर्वी हे खरंच कठीण होतं. 1957 मध्ये आलेल्या क्रॉस्बी कॅप्सूलमध्ये लहानसं पातं असे. नळीला बांधलेली ही कॅप्सूल मुलाने गिळायची आणि ती आतड्यात पोचेपर्यंत ताटकळत बसायचं. त्यात 1969 साली ठरलेल्या निकषांनुसार ही तपासणी एकदा नव्हे, तीनदा करावी लागे : गहू चालू असताना, बंद केल्यावर आणि पुन्हा सुरू केल्यावर. 1990 नंतर बहुतेक मुलांसाठी एक बायोप्सी पुरेशी ठरली.

आज मुलाला भूल देऊन तोंडातून एंडोस्कोप घालतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे ड्युओडेनममधून, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान तुकडे घेतात. ड्युओडेनमच्या अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून किमान एक आणि त्याच्या पुढून किमान चार. झीज सगळीकडे सारखी नसते, एकाच तुकड्यावर भिस्त ठेवली तर आजार हुकू शकतो. मूल बहुधा त्याच दिवशी घरी जातं.

यापुढचं अर्धं काम पॅथॉलॉजिस्टचं. तुकडा तिरका कापला गेला, तर निरोगी उंचवटेही सपाट दिसतात. अहवालात ‘मार्श’ श्रेणी लिहिलेली असते. मार्श 3 म्हणजे व्हिलाय झिजलेले, मार्श 1 म्हणजे अस्तरात फक्त पांढऱ्या पेशी वाढलेल्या. नुसत्या मार्श 1 वर सिलिॲक म्हणणं चूक आहे. उलट, सपाट आतडं दिसलं म्हणजे सिलिॲकच, असंही नाही. जिआर्डियासारखे परजीवी, तीव्र कुपोषण, वारंवारचे जंतुसंसर्ग यांनीही अस्तर झिजतं आणि आपल्याकडे हे सगळं भरपूर आहे. म्हणून रक्त, बायोप्सी आणि मूल या तिन्ही गोष्टी जुळवून निर्णय होतो.

जनुकांची तपासणी नकारासाठी

एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 ही दोन्ही जनुकं नसतील, तर सिलिॲक जवळजवळ बाद करता येतो. असतील, तर काहीच सिद्ध होत नाही, वर सांगितल्याप्रमाणे ती तिघांतल्या एकाकडे असतातच. खर्चिक आहे, सरसकट करायची गरज नाही.

गहू आधीच बंद केला असेल तर

घाबरू नका, पण डॉक्टरांना तारखेसकट सांगा. बंद करून थोडेच दिवस झाले असतील, तर अजूनही रक्तात खुणा सापडू शकतात, लगेच तपासणी करावी. बरेच महिने झाले असतील, तर आधी जनुकांची तपासणी उपयोगी पडते. तिथे नकार आला की प्रश्न मिटला. होकार आला, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गहू पुन्हा सुरू करून ठरावीक आठवड्यांनी तपासावं लागतं. बरं वाटू लागलेल्या मुलाला पुन्हा त्रासात ढकलणं कोणत्याच आईला रुचत नाही. पाच वर्षांखालच्या आणि वयात येण्याच्या काळात झपाट्याने वाढणाऱ्या मुलांत हा प्रयोग शक्यतो टाळतात.

‘गहू सोडला नि बरं वाटलं, मग पुरावा कशाला?’ असा प्रश्न येतोच. गव्हाबरोबर बिस्किटं, मैदा, बाहेरचं खाणंही सुटतं. बरं वाटण्याला दहा कारणं असू शकतात.

निदान पक्कं झाल्यावर

आता गहू, रवा, मैदा, शेवया, लापशी, जव आणि माल्टची पेयं बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई खुशाल द्या, पण दळण कुठे होतं ते पाहा. गिरणीत गव्हावर ज्वारी पडली, तर भाकरीतूनही ग्लूटेन पोटात जातं. घरघंटी असेल, तर ती गव्हापासून कायमची दूर ठेवा. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, वेष्टन वाचूनच घ्या. टीटीजी वर्ष-दोन वर्षांत उतरून मर्यादेत यायला हवं. उतरत नसेल, तर निदानावर शंका घेण्याआधी अशा जागा तपासा.

आणि एक काम त्याच आठवड्यात करा. मुलासाठी बहुतेक घरं सगळ्यांचाच गहू बंद करतात. त्याआधी, पोळी चालू असतानाच, भावंडांची आणि आई-वडिलांची टीटीजी-आयजीए व एकूण आयजीए तपासणी करून घ्या. सख्ख्या नात्यात हा आजार बराच जास्त आढळतो, आणि त्यातल्या अनेकांना कसलीच तक्रार नसते.