रिपोर्टमध्ये ‘प्रोग्रेशन’ लिहिलेले असते तेव्हा

शरीरात पसरलेल्या कॅन्सरचा उपचार सुरू असला की ठरावीक महिन्यांनी पुन्हा स्कॅन होतो. रिपोर्ट बहुधा डॉक्टरांच्या आधी आपल्याच हातात पडतो, आणि वाचायला बसवले जाते घरातल्या बारावीच्या मुलाला. ‘प्रोग्रेशन’ म्हणजे प्रगती, असे समजून आनंदलेली घरे आम्ही पाहिली आहेत. प्रगती झालेली असते ती आजाराची.

उलट ‘स्टेबल’ वाचून माणसे हिरमुसतात. एवढे केमो घेतले तरी गाठ तशीच! पण पसरलेल्या कॅन्सरमध्ये गाठ न वाढणे हेही औषधाचे यशच आहे. डॉक्टर काही गाठींची मापे घेऊन बेरीज करतात. ही बेरीज आधीच्या सर्वांत कमी मापापेक्षा साधारण 20 टक्के वाढली किंवा नवी गाठ दिसली, तर त्याला प्रोग्रेशन म्हणतात. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने झोप उडवून घेऊ नये. पेट स्कॅनमध्ये शिरेतून साखरेसारखे द्रव्य देतात. जिथे ते जास्त ओढले जाते ती जागा चमकते. टीबीची गाठही तशीच चमकते. आपल्या वस्त्यांत टीबी कमी नाही, म्हणून पूर्वी टीबी झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

प्रोग्रेशन खरेच असेल, तर चालू औषधाला कॅन्सर आता दाद देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. औषधातून वाचलेल्या पेशी वाढतात. “तू नीट जेवली नाहीस, हिंमत सोडलीस,” असे बाईला ऐकवले जाते, त्याची आम्हाला चीड येते. तिचा यात काहीच दोष नाही.

“तिला सांगू नका” हा दुसरा प्रकार. दाराआडची कुजबुज तिला कळत नाही का? मुलीचे शिक्षण, खोलीचे कागद, बँकेचे पासबुक, या गोष्टी तिला मार्गी लावायच्या असतात. किती ऐकायचे आहे, हे तिलाच विचारा आणि तिला घेऊनच डॉक्टरांकडे बसा.

पुढचे औषध महाग निघते आणि लगेच दागिने गहाण पडतात. त्याआधी सरळ विचारा: याने आयुष्य किती वाढेल, त्रास किती होईल, नाही घेतले तर काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते औषध बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

केमो थांबले तरी उपचार थांबत नाहीत. दुखणे, धाप, उलटी यांवर इलाज करणारा पॅलिएटिव्ह विभाग वेगळा असतो. त्याची चिठ्ठी शेवटच्या आठवड्यात नव्हे, आत्ताच मागा. तिथे मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या तर व्यसन लागेल म्हणून डब्यात ठेवून देऊ नका. दुखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या मापात घेतल्या तर ती भीती फार थोडी. वेळ झाली की गोळी द्यायची, दुखण्याची वाट पाहायची नाही. या गोळ्यांनी शौचाला खडा होतो, त्याचे औषध त्याच दिवशी मागून घ्यावे.