एका ओसरीवर किती मुले?

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि खाणींचा तालुका म्हणून ओळखली जाणारी डिचोली हे दोन्ही प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या हाती गेले आणि 'नव्या काबिजादी'त मोडू लागले. राज्यकर्ते बदलले, तरी घरांची घडण बदलली नाही. पुढे ओसरी, आत माजघर, परसात विहीर आणि एका छपराखाली तीन पिढ्या, अशी ती घडण होती. तशा घरात लहान मुलाला कोण सांभाळते, असे कोणी विचारीत नसे. आजी न्हाऊ घाली, काकू भरवी, आत्या कडेवर घेऊन फिरे. मूल एक आणि हात अनेक, असा तो हिशेब होता.

आज हा हिशेब उलटला आहे. तुये आणि डिचोली येथील औद्योगिक वसाहती, हरमल-मांद्रे किनाऱ्यावरील हॉटेले आणि जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झालेला मोपाचा विमानतळ, यांमुळे या भागातील स्त्रियांना घराबाहेरचे काम मिळू लागले. डिचोलीकडे २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रक आणि बार्ज यांवर चालणाऱ्या घरांची मिळकत आटली; घरातील दुसऱ्या पगाराचे मोल काय असते, हे त्या घरांना वेगळे सांगावयास नको. सून पहाटेच्या पाळीला निघते आणि आजी मात्र तेरेखोलपलीकडच्या गावी असते. मग शेजारची एखादी वहिनी किंवा मावशी म्हणते, "ठेव गो माझ्याकडे." आरंभी एक मूल, मग दोन, मग चार. पाळणाघराची पाटी न लागताही पाळणाघर सुरू झालेले असते.

यात गैर काहीच नाही. उलट, शेजारधर्म आणि स्वतःची चार पैशांची मिळकत यांचा हा चांगला मेळ आहे. प्रश्न उभा राहतो तो पुढच्या पायरीवर. मुले वाढतात, एकटीला झेपेनासे होते, म्हणून ती बाई एक मदतनीस ठेवते. आणि मदतनिसीचा पगार भागावा म्हणून आणखी मुले घेते. जिथे पाच होती तिथे बारा होतात. मदतनीस आली म्हणजे मुलांची संख्या दुप्पट करता येते काय, हा तो प्रश्न होय. आमच्या मते त्याचे उत्तर मदतनिसीच्या हातांवर नव्हे, तर तिच्यावर टाकता येणाऱ्या जबाबदारीवर अवलंबून आहे.

या बाबतीत आपल्या देशात आकडे अगदीच नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री कामगारांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली. मातृत्व लाभ कायद्याला २०१७ साली दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते घेतले गेले. त्या दुरुस्तीला अनुसरून केंद्र सरकारने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूत्रे काढली. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका आणि तिच्या जोडीला एक मदतनीस, तीन वर्षांवरील वीस मुलांमागेही तसेच, असे प्रमाण त्यांत सांगितले आहे. सरकारी पाळणाघर योजनेत २५ मुलांच्या केंद्रासाठी एक सेविका आणि एक मदतनीस धरलेली होती. मात्र या साऱ्या तरतुदी आस्थापनांच्या किंवा अनुदानित केंद्रांच्या आहेत. ओसरीवर आठ मुले सांभाळणाऱ्या शेजारणीला त्या बांधीत नाहीत.

सेविका आणि मदतनीस ही जोडी आपल्या परिचयाची झाली ती अंगणवाडीमुळे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, हा विचार त्या कामातून पुढे आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. परंतु अंगणवाडीचा आकडा घरच्या पाळणाघराला लावणे चुकीचे ठरेल. अंगणवाडीत बसणारी मुले बहुतेक तीन ते सहा वर्षांची. ती काही तास बसतात, गाणी म्हणतात, खाऊ खातात आणि घरी जातात. पाळणाघरात मूल सकाळपासून सायंकाळपर्यंत असते, आणि त्यांत रांगणारे, नुकते चालू लागलेले, कुशीवरही न वळणारे असे सर्व वयांचे असते. तिथे पंचवीस हा आकडा ऐकूनच छाती दडपावी.

इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठी सरकारने नियम घातलेले आहेत, त्यांची तुलना उद्बोधक ठरेल. तेथे एका बाईने आठ वर्षांखालील सहांहून अधिक मुले घ्यावयाची नाहीत. त्यांपैकी पाच वर्षांच्या आतबाहेरची, म्हणजे शाळेत न रुळलेली, सामान्यतः तीनच असावीत. आणि एक वर्षाखालचे एकच. भावंडांसारख्या कारणांसाठी सवलत मिळते, पण बाईची स्वतःची लहान मुलेही या मोजणीत धरली जातात. तिने मदतनीस ठेवली तर मदतनिसीमागेही तेवढीच मुले घेता येतात. म्हणजे नियमाने संख्या दुप्पट होऊ शकते. परंतु केवळ मदतनिसीच्या हवाली मुले ठेवावयाची तर पालकांची परवानगी लागते, दिवसाकाठी दोन तासांची मर्यादा पाळावी लागते, आणि अशा मदतनिसीपाशी बालकांच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण असावे लागते.

या नियमांतील आकडे आपण जसेच्या तसे उचलावेत असे आम्ही म्हणत नाही. तेथील घरे वेगळी, खर्च वेगळा. मात्र त्यांच्या मुळाशी असलेला विचार कोणत्याही ओसरीवर खरा आहे. मुले किती ठेवावीत हे निवांत घटकेवरून ठरवावयाचे नसते. सर्वांत कठीण घटकेवरून ठरवावयाचे असते. दुपारी बाराही मुले झोपलेली असताना एक बाईदेखील पुरते. पण एकाला ओकारी झाली, दुसरे रडते आहे, आणि तिसऱ्याने नुकताच उंबरा ओलांडला आहे, त्या क्षणी काय? बाई एकाला घेऊन डॉक्टरांकडे धावली, तर मागे राहिलेल्या अकरांना मदतनीस एकटी सांभाळील काय? या प्रश्नाला निःशंक 'होय' म्हणता आले, तरच तिला मोजणीत पूर्ण धरावे. ती धुणे-भांडी करीत असेल, दोन तासांपुरती येत असेल किंवा पाळणाघराचा स्वयंपाकच तिच्याकडे असेल, तर ती मदत मोलाची आहे. पण चुलीपाशी बसलेली व्यक्ती ओसरीवर लक्ष ठेवू शकत नाही, आणि म्हणून तिच्या नावावर एकही मूल वाढवू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळदा ही 'मदतनीस' म्हणजे बारा-तेरा वर्षांची मुलगी असते. १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्याला २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास सरसकट मनाई आहे. स्वतःच्या कुटुंबाच्या कामात शाळेची वेळ सोडून हातभार लावण्यासारखे मोजके अपवाद तेवढे आहेत. कायदा बाजूला ठेवला, तरी साधा विवेक काय सांगतो? जिला स्वतःलाच कोणाच्या तरी नजरेखाली असावयास हवे, ती दुसऱ्या मुलांवर नजर ठेवणारी म्हणून मोजता येत नाही. तिला मोजावयाचेच असेल, तर मुलांच्या बाजूने मोजावे.

या प्रदेशाचे स्वतःचे धोकेही ध्यानात घेतले पाहिजेत. परसातली कठड्याविना विहीर, पावसाळ्यात भरून वाहणारा व्हाळ, चिरे काढून सोडून दिलेल्या आणि पहिल्या पावसात तुडुंब भरलेल्या खाणी, घराला लागून जाणारा ट्रकचा रस्ता. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर दार लावले की मूल घरात राहते. आपल्याकडे घराला दारे दोन आणि परसाला कुंपण नावापुरते. ओसरीच्या पायरीपासून विहिरीपर्यंत दोन वर्षांचे मूल किती वेळात पोहोचते, हे ज्याने पाहिले आहे त्याला एका नजरेला किती मुले पुरे, हे सांगावे लागणार नाही. जिथे जागा उघडी, तिथे संख्या कमी, हा सरळ नियम मानावा.

मग बाईची मिळकत कशी वाढावी? ही अडचण खरी आहे आणि ती मुलांच्या आयांनीच समजून घेतली पाहिजे. समजा, आठ मुलांच्या पैशांपैकी तिघांचे पैसे मदतनिसीच्या पगारात गेले, तर मालकिणीच्या हाती पाचांचेच उरतात. म्हणजे एकटीने पाच सांभाळल्यासारखेच झाले. ती आणखी चार मुले घेते ती लोभाने नव्हे, तर या गणिताने. आपण महिन्याचे पैसे देताना घासाघीस करतो, तेव्हा वस्तुतः आपल्या मुलाच्या शेजारी आणखी एक मूल बसवीत असतो. थोडे अधिक देऊन संख्या कमी ठेवावयास सांगणे, हा दोघींच्याही हिताचा व्यवहार आहे.

आमच्या वाचकभगिनींनी, मग त्या पेडण्यात असोत की इंदूर-बडोद्यास, मूल कोणाकडे ठेवण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. घरची धरून एकूण मुले किती? एक वर्षाखालची किती? मदतनीस कोण, तिचे वय काय, ती किती वेळ असते? बाई बाहेर गेली तर मुले कोणाच्या स्वाधीन? विहिरीला झाकण आणि मागच्या दाराला कडी आहे काय? असे विचारण्यात अविश्वास नाही. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, शाळांतील शारीरिक शिक्षेला बंदी घातली आणि मुलांसाठी वेगळे न्यायालयही ठरविले. पण न्यायालयाचे काम अघटित घडल्यानंतरचे. ते घडू नये म्हणून मुले मोजण्याचे काम ओसरीवर, मूल सोपविण्याच्या आधी व्हावयाचे असते, आणि ते आईने व पाळणाघराच्या बाईने मिळून करावयाचे असते.